तारघरात थांबलेले प्रतिरूप

नागपुरातल्या ‘खेळवेध’ कंपनीच्या चाचणीकक्षात रेवती खोब्रागडे पडद्याकडे बघत बसली होती. पडद्यावर भरकटलेल्या जहाजाची तारखोली होती. भिंतीवरच्या सगळ्या तारा अचूक जोडलेल्या, दिवे लागलेले, यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आलेली. पट्टीवरचा संदेश वाचला की दार उघडणार होते. पण वाचणारा काही हालचाल करत नव्हता.

“अजून तिथंच?” डॉ. फिरोज तांबोळींनी मागून विचारले. ते या कक्षाचे प्रमुख होते.

“तिथंच, सर. बाकीच्या सगळ्या प्रतिरूपांनी खेळ पूर्ण केला. हे एकटं पहिल्या खोलीत बसून आहे.”

‘तारघर’ हा कंपनीचा गाजलेला कथाखेळ. त्याचा पहिला भाग आला तेव्हा रेवती कॉलेजात होती आणि त्यातल्या एका कोड्यासाठी तिने एक पेपर जवळजवळ बुडवला होता. किनाऱ्यावरच्या बंद पडलेल्या तारघरात खेळाडू एकटा असतो आणि समुद्रात कुठेतरी हरवलेल्या जहाजाकडून संदेश येत असतात. प्रत्येक खोलीत दोन कामे. आधी भिंतीवरच्या तारांचा गुंता सोडवून त्या जोडायच्या. मग आलेला संदेश वाचायचा. वादळामुळे संदेशातल्या काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या गळून गेलेल्या असत. ‘बट दसत नह’ एवढेच यायचे. बोट दिसत नाही की बेट दिसत नाही, हे मागचापुढचा संदर्भ लावून ठरवायचे.

आता उत्तरभाग तयार होता. त्यात खेळाडू जहाजावर असतो आणि तारघराकडून उत्तर येण्याची वाट बघतो. यातली सगळी कोडी रेवतीने रचली होती. प्रतिरूपांचे शास्त्र मात्र तिचे नव्हते.

“मला एकदा नीट सांगा,” ती म्हणाली. “प्रतिरूप बिघडू शकतं का?”

तांबोळी शेजारची खुर्ची ओढून बसले. “पहिला भाग खेळताना ज्यांनी परवानगी दिली, त्यांची प्रत्येक हालचाल आपण नोंदवली. बोट कुठं ठेवलं, कुठं अडखळलं, कोणतं उत्तर आधी सुचलं, किती वेळ नुसतं बघत बसले. माणसाच्या चालण्याला जशी लकब असते तशी विचार करण्यालाही असते. तिला आपण खेळठसा म्हणतो. त्या ठशावरून संगणक प्रतिरूप घडवतो. नव्या कोड्यासमोर बसवलं की मूळ माणूस जे करेल तेच ते करतं. त्याला मन नाही, मत नाही, नुसत्या सवयी आहेत. त्यामुळं माणसाला जे येत नाही ते त्याला येत नाही, आणि माणूस जे करतो ते टाळताही येत नाही.”

“आणि हे अडलंय हे कोण ठरवतं?”

“यंत्रणा. प्रतिरूपाचा काळ आपल्यापेक्षा भरधाव जातो. ठरावीक मर्यादेपर्यंत ते हललं नाही तर यंत्रणा ‘अडले’ असा शेरा मारून चाचणी बंद करते.”

“म्हणजे तो खरा माणूसही माझ्या पहिल्याच खोलीत अडेल.”

“अडायला हवा. पण हजारो प्रतिरूपांत एक अडलं, तर वरचे म्हणतात ते काढून टाका आणि खेळ बाजारात आणा.”

रेवतीला ते पटेना. पहिली खोली तिने मुद्दाम सोपी ठेवली होती. या प्रतिरूपाने त्यातल्या तारा तर इतक्या सफाईने जोडल्या होत्या की तिला स्वतःला तसे जमले नसते. मग चार शब्दांच्या संदेशापुढे ते गप्प का बसावे?

“त्या माणसालाच विचारू,” ती म्हणाली.

खाते अमरावतीच्या भास्करराव सावदेकरांच्या नावाचे होते. फोन केल्यावर ते आनंदाने तयार झाले. “मत द्यायला मी कधीच नाही म्हणत नाही,” ते म्हणाले. “ऐकून घेणारे कमी भेटतात.”

भास्कररावांचा पूर्वी अमरावतीत छापखाना होता. आता सत्तरीला टेकले होते. रेवती आणि तांबोळी पोचले, तेव्हा दार उघडताना भास्कररावांनी तोंडाला मुसके बांधले होते. “गैरसमज नको,” ते म्हणाले. “माझ्यात एक मूत्रपिंड पाहुणं आहे. त्याला सर्दी-पडसं चालत नाही.” त्यांच्या पत्नी नलिनीबाईंनी चहा ठेवला आणि पाहुण्यांना खिडकीजवळ, वाऱ्यावर बसवले.

रेवतीने टॅब त्यांच्यासमोर ठेवला. उत्तरभाग सुरू झाला. जहाज, वादळ, तारखोली. भास्कररावांनी सगळे नीट पाहिले, कप्तानाचे बोलणे ऐकले, आणि तारांचा गुंता समोर आल्यावर हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

“करा ना,” रेवती म्हणाली.

“हे माझं काम नाही.”

“म्हणजे?”

“तारा मला येत नाहीत. एक सोडवायला जावं तर दुसरी अडकते.”

रेवती आणि तांबोळींनी एकमेकांकडे पाहिले. प्रतिरूप तारा जोडून संदेशापाशी थांबले होते. हा माणूस तारांपाशीच थांबला होता. रेवतीने तारा स्वतः जोडल्या. दिवे लागले, पट्टी बाहेर आली, आणि भास्कररावांचा चेहरा खुलला. त्यांनी संदेशाच्या शेवटच्या शब्दाला आधी हात घातला. “क्रियापद सापडलं की बाकीचं वाक्य त्याच्यामागं चालत येतं,” ते म्हणाले, आणि चारही शब्दांच्या काना-मात्रा त्यांनी बघता बघता भरल्या.

“काका,” तांबोळींनी सावकाश विचारले, “पहिला भाग तुम्ही एकट्यानं खेळला नव्हता, हो ना?”

“एकट्यानं? छे. डायलिसिसच्या वॉर्डात आम्ही दोघं होतो. मी आणि प्रमिलाताई इंगोले.”

मग त्यांनी सांगितले. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार-चार तास. यंत्राला जोडलेले असताना एक हात हलवायचा नाही. छताकडे बघून बघून जीव विटायचा. वॉर्डाला कुणीतरी एक टॅब भेट दिला होता, तो दोन खुर्च्यांच्या मध्ये स्टँडवर असायचा. शेजारच्या खुर्चीत प्रमिलाताई. त्या बायकांचे शिवणवर्ग चालवायच्या. भास्कररावांनी खेळ सुरू केला आणि तारांत अडकले, तेव्हा पलीकडून आवाज आला, “तो निळा दोरा खालून काढा ना.” त्या तारेला दोराच म्हणायच्या. त्या दिवसापासून तारा त्यांच्या आणि शब्द भास्कररावांचे. खाते भास्कररावांच्या नावाचे, पण परवलीचा शब्द दोघांना पाठ.

“नियम एकच होता,” भास्करराव म्हणाले. “एक जण आला नसेल तर पुढची खोली उघडायची नाही. तुम्ही लोकांनी खेळ म्हणून केलं असेल ते. आम्हाला तो पुढच्या वेळी वॉर्डात जायचं कारण होता. आमची मुलंबाळं जा-जा म्हणायची म्हणून आम्ही जात नव्हतो. आता जहाजाचं काय झालं, म्हणून जात होतो. त्यासाठी तुमचे आभार मानायचे राहून गेले होते.”

“प्रमिलाताई आता कुठं असतात?” रेवतीने विचारले.

नलिनीबाईंनी मान खाली घातली. भास्कररावांनी चष्मा काढून पुसला.

“एका कुटुंबानं आपल्या गेलेल्या माणसाचे अवयव दिले. त्यातलं एक मूत्रपिंड मला मिळालं. एकाएकी फोन आला, तसेच नागपूरला गेलो. पुढं कित्येक महिने लेकीकडे, एका खोलीत, कुणाला भेटायचं नाही. बरा झाल्यावर वॉर्डात फोन केला. कुणी नवीन मुलगी होती. म्हणाली, त्या आता येत नाहीत.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “त्या वॉर्डात या वाक्याचा अर्थ कुणी विचारत नाही.”

मग रेवतीने कामाचे विचारले. उत्तरभाग कसा वाटला?

“चांगला आहे. उगाच नाही म्हणत. पहिल्या भागात मला जहाजावरच्या लोकांचा राग यायचा, हे असे तुटक संदेश काय पाठवतात म्हणून. आता जहाजावर बसल्यावर कळतं की त्यांनी पूर्णच पाठवले होते, आपल्यापर्यंत पोचताना तुटले. पहिला भाग तुम्ही मागं जाऊन बदललात, एक अक्षरही न बदलता. मला ते फार आवडलं. तो कप्तान मात्र अति बोलतो. प्रत्येक गोष्ट समजावून सांगतो. खेळणाऱ्याला थोडं चाचपडू द्या.”

“आणि काही?”

“एकट्या माणसाला दोन्ही कामं करावी लागतात, तेवढं बघा.”

निघण्याआधी तांबोळींनी एक गोष्ट सुचवली. खात्यात दोन माणसांचे ठसे मिसळले असतील तर ते वेगळे करता येतील. मग प्रमिलाताईंचे प्रतिरूप भास्कररावांसोबत तारा जोडू शकेल, अगदी त्या जोडायच्या तसेच.

भास्कररावांनी विचार करायला वेळ घेतला. “परवानगी मी दिली होती, त्यांनी नव्हती,” ते म्हणाले. “शिवाय त्या तारा जोडताना बोलायच्या. नुसती बोटं घेऊन मी काय करू? राहू द्या, साहेब. पण तुम्हाला सुचलं, यात सगळं आलं.”

परतीच्या वाटेवर नागपूर जवळ आल्यावर रेवती म्हणाली, “सर, एका खात्यावर दोघं-तिघं खेळलेले आणखी असतील ना?”

“शेकडो असतील. नवरा-बायको, भावंडं.”

“त्यांची प्रतिरूपं अडली नाहीत. एकाची सवय संपली की दुसऱ्याची सुरू झाली आणि पुढं गेली. मग हेच का अडलं?”

दुसऱ्या दिवशी रेवतीने चाचणीची वेळमर्यादा काढून टाकली, प्रतिरूपाला पुन्हा पहिल्या खोलीत बसवले आणि ती आपल्या दुसऱ्या कामाला लागली. प्रतिरूपाने तारा जोडल्या आणि ते थांबले. सकाळ गेली. जेवून परत आली तरी पडदा तसाच होता. चहाच्या वेळी तिने सहज मान वर केली, तर पट्टीवरचा शेवटचा शब्द भरलेला होता.

तिने तांबोळींना बोलावून आणले. दोघे उभे राहून बघू लागले. प्रतिरूप संदेश सोडवत होते. अडखळत, चुकत, एकेका वेलांटीपाशी घुटमळत. पण शेवटून सुरुवात करून.

“ते अडलं नव्हतं,” रेवती म्हणाली. “ते वाट बघत होतं. आपणच मध्ये बंद करत होतो.”

“प्रतिरूप जे करतं ते कुणीतरी कधीतरी केलेलं असतं,” तांबोळी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. खाते भास्कररावांचे, तेव्हा त्यांना फोनवर विचारून तांबोळींनी मूळ नोंद काढली आणि तिच्यातले ठसे तपासण्यापुरते वेगळे केले.

निकाल स्वच्छ होता. तारा एका हाताने जोडलेल्या, संदेश दुसऱ्या हाताने वाचलेले. पहिल्या खोलीपासून उपांत्य खोलीपर्यंत यात बदल नव्हता. शेवटच्या खोलीत मात्र दोन्ही कामे एकाच हाताची होती.

“काकांनी एकट्यानं संपवला असेल,” रेवती म्हणाली.

“नाही. हा तारांचा हात आहे.”

त्या हाताने शेवटच्या खोलीतल्या तारा जोडल्या होत्या आणि मग संदेशाला स्पर्शही केला नव्हता. कित्येक आठवडे खेळ पुन्हा पुन्हा उघडला गेला होता. पट्टी पाहायची आणि बंद करायचा. मग एके दिवशी तोच हात शब्दांकडे वळला होता. दुसऱ्याची युक्ती वापरून, पण स्वतःच्या संथ गतीने, त्याने शेवट गाठला होता. प्रतिरूप शेवटची सवय शिकले ती हीच. आपले काम करायचे आणि दुसऱ्यासाठी थांबायचे.

रेवतीने भास्कररावांना पुन्हा फोन लावला. “काका, शेवटची खोली तुम्ही कधी उघडलीत?”

“मी? नाही उघडली. तिथवर आलो आणि त्याच आठवड्यात ऑपरेशनचं बोलावणं आलं. जहाजाचं शेवटी काय झालं ते मला आजही माहीत नाही.”

“खेळ पूर्ण झालाय. तुमच्या ऑपरेशननंतर बऱ्याच दिवसांनी. ज्यांनी तारा जोडल्या, त्यांनीच.”

भास्करराव म्हणाले, “त्यांना शब्द येत नव्हते.”

“तुमच्यासारखं शेवटून सुरू करून त्यांनी सोडवलेत.”

प्रमिलाताईंचा शोध घेणे कंपनीच्या हातात नव्हते. त्यांच्या ठशावरून त्यांना हुडकायचे तर त्यांची परवानगी हवी. पण भास्कररावांना कुणाची परवानगी नको होती. ते वॉर्डात गेले आणि या वेळी अर्ध्या वाक्यावर थांबले नाहीत. जुन्या सिस्टर भेटल्या. “इंगोलेताई ना?” त्या म्हणाल्या. “त्या लेकीकडे यवतमाळला गेल्या. घरीच पोटातून डायलिसिस करतात. इथं कशाला येतील?”

यवतमाळला जाताना भास्कररावांनी रेवतीला बरोबर घेतले. प्रमिलाताईंना लेकीने आधी फोनवर सांगून ठेवले होते, तरी भास्करराव दारात दिसल्यावर त्या खुर्चीतून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

“बसा,” शेवटी त्या म्हणाल्या. “मुसकं काढू नका. पाहू द्या तसेच.”

त्यांचे ऐकताना रेवतीला हळूहळू सगळे उलगडले. भास्करराव नागपूरला गेले त्याच दिवसांत प्रमिलाताईंच्या हाताच्या नळीला जंतुसंसर्ग झाला. त्या महिनाभर दुसऱ्या हॉस्पिटलात होत्या. तिथूनच लेकीने त्यांना यवतमाळला नेले. सावदेकरांचे कसे आहे म्हणून त्यांनी वॉर्डात फोन करवला, तर पलीकडून उत्तर आले, ते आता येत नाहीत.

“तुम्हालाही तेच सांगितलं?” भास्कररावांनी विचारले.

“तेच. मी फोन ठेवून देल्ला. अजून काय विचाराचं?”

रेवतीला राहवले नाही. “मावशी, ते गेले असं वाटत होतं, तर इतके आठवडे खेळ उघडून थांबलात कशासाठी?”

“कोणी मरणाचा कागद थोडाच दाखवला होता,” प्रमिलाताई म्हणाल्या. “म्हटलं, नियम आहे, पाहू. रोज पाहो. मग एक दिवस वाटलं, माणसानं एवढे शब्द सोडवले, त्याच्या वाटचा शेवट कोणीतरी पाहून घ्यावा. तो मी पाहिला.” मग त्या भास्कररावांकडे वळल्या. “माणूस डोळ्यासमोर धडधाकट बसला आहे. देवानं अजून काय द्यावं.”

भास्कररावांनी हात जोडले.

उत्तरभाग त्या दोघांनी पुढे मिळून खेळला. तोही अमरावती आणि यवतमाळ अशा दोन घरांतून, एकाच तारखोलीत. त्यासाठी रेवतीने दोघांनी दुरून खेळण्याची सोय केली आणि कंपनीला खेळ बाजारात आणायला उशीर झाला. कप्तानाची निम्मी वाक्ये कापली. प्रमिलाताईंचे मत असे पडले की तारा पहिल्यापेक्षा सोप्या केल्या आहेत, एवढे लाड नकोत, पण जहाजावरचे लोक किनाऱ्यावरच्यांची इतकी काळजी करतात हे पाहून बरे वाटले. दोघांच्या संमतीने त्यांचे ठसे कायमचे वेगळे झाले आणि जुने, वाट बघणारे प्रतिरूप पुसून टाकण्यात आले. त्याची आता गरज नव्हती.

पण हे सारे नंतरचे. त्या दुपारी यवतमाळला भास्कररावांनी आधी एकच गोष्ट मागितली. “ताई, जहाजाचं काय झालं?”

“ते मी सांगत नाही. सोडवा.”

रेवतीने टॅबवर पहिल्या भागाची शेवटची खोली नव्याने उघडली. प्रमिलाताईंनी तारा जोडल्या. बोट न उचलता, एका दमात, जोडता जोडता लेकीला पोह्यांत शेंगदाणे घालायची आठवण करून देत. पट्टी बाहेर आली. तिच्यावर दोनच शब्द होते. ‘दव दसल’.

भास्कररावांनी चष्मा सारखा केला आणि शेवटून सुरुवात केली. “दिसला. किंवा दिसली, दिसले. पहिल्या शब्दावर ठरेल.” मग ते पहिल्या शब्दाशी अडले. दोन अक्षरे, पण त्यातून काहीही निघत होते. त्यांनी एक मात्रा देऊन पाहिली, काढली. एक काना देऊन पाहिला, काढला. हेच दोन शब्द प्रमिलाताईंनी पूर्वी किती चुका करून सोडवले होते, ते रेवतीने नोंदीत पाहिले होते. ती त्यांच्याकडे बघू लागली. प्रमिलाताई पट्टीकडे बघतच नव्हत्या. त्या भास्कररावांचा हात बघत होत्या.

“देव दिसला असं असेल का हो, ताई?”

“मले काय मालूम,” प्रमिलाताई म्हणाल्या. “शब्द तुमचे आहेत. करा हळूहळू.”

भास्कररावांनी आणखी थोडा विचार केला. मग पहिल्या अक्षराला वेलांटी दिली आणि दुसऱ्याला काना.

“दिवा,” ते म्हणाले. “दिवा दिसला. म्हणजे पोचलं जहाज.”

दार उघडले.

“अस्सं होय,” प्रमिलाताई म्हणाल्या, आणि हे आपण पहिल्यांदाच ऐकतो आहोत अशा आनंदाने त्यांनी मान डोलावली.